न केलेल्या सहीची उधारी

फाईलचं नाव भारदस्त होतं. डॉ. ड्रे या अमेरिकी हिपहॉप प्रोड्युसरच्या, तोवर न आलेल्या ‘डिटॉक्स’ या अल्बममधलं गाणं, एका नामवंत रॅपरचा आवाज आणि पुढे ‘अंतिम मिक्स’ अशी ग्वाही. २०१० च्या सुमाराची गोष्ट. रात्री हेडफोन लावून मी ती ऐकली. ड्रम दमदार होते, पियानोची सुरावट थेट ड्रेच्या धाटणीची, आणि पहिल्या चार ओळींना अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र रॅपरचा श्वास मध्येच तुटला, कात्रीने कापल्यासारखा, आणि पुढची ओळ समेच्या किंचित आधी येऊन पडली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. आवाज केव्हाच बाजारात येऊन गेलेल्या एका गाण्यातून सोलून काढलेला होता आणि बीट, म्हणजे आवाजाखालचं वाद्यसंगीत, तिसऱ्याच कुणीतरी ड्रेची नक्कल करून बनवली होती. त्या गाण्यासाठी ड्रे आणि तो रॅपर एका खोलीत कधी बसलेच नव्हते.

फसल्याचं दुःख तासाभरात ओसरलं. एक गोष्ट मात्र मनातून गेली नाही. पहिल्या चार ओळी ऐकल्याबरोबर मी ती फाईल तिघा मित्रांना पाठवून मोकळा झालो होतो. त्यातल्या एकाने ती आणखी कुणाकुणाला पाठवली. त्या रात्री जितक्या जणांना ही बातमी कळली, त्यातल्या निदान काहींना ती माझ्यामुळे कळली. ड्रेने किंवा त्या रॅपरने कुणालाही काहीही कबूल केलेलं नव्हतं. त्यांच्या नावाने शब्द देऊन बसलो होतो मी.

अमुक रॅपर तमुक प्रोड्युसरबरोबर अल्बम करतोय, या हिपहॉपमधल्या सततच्या वावड्यांबद्दलचं माझं मत तिथून घडत गेलं. या वावड्या म्हणजे निरुपद्रवी करमणूक, चाहत्यांच्या प्रेमाचं लक्षण, असं मानण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अशी प्रत्येक वावडी ही कलाकारांच्या नावावर काढलेली उधारी असते. सही त्यांची नसते, रक्कम भलताच माणूस ठरवतो, आणि फेडायची वेळ आली की दोघांपैकी जो लहान असेल त्याच्या खिशात हात घातला जातो.

आधी एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. मराठीत निर्माता म्हटलं की पैसा घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हिपहॉपमधला प्रोड्युसर तो नव्हे. ड्रम, बेस, जुन्या रेकॉर्डमधून उचललेला एखादा तुकडा यांची बांधणी करून तो बीट घडवतो, आणि पुष्कळदा रॅपरच्या आवाजाला वळण लावायचं कामही त्याचंच असतं. संगीतकार आणि संगीत संयोजक यांच्या मधली ही जागा आहे. चाल आधी आणि शब्द मागून, ही आपल्या ओळखीची रीत इथे रोजची. म्हणून रॅपर आणि प्रोड्युसर यांची जोडी म्हणजे नुसती दोन नावं शेजारी छापणं नसतं.

नास या रॅपरचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम एप्रिल १९९४ मध्ये आला. त्यातल्या ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ची बीट डीजे प्रीमियर या प्रोड्युसरची. गाणं सुरू होताना नास स्वतःशीच पुटपुटतो की सुरुवात कशी करावी हेच कळत नाहीये. ते नाटक नव्हतं. प्रीमियरने पुढे अनेकदा सांगितलंय की शब्द ताजे लिहिलेले होते, नासला उठाण सापडत नव्हतं, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून त्यानेच हाताने मोजून त्याला ठेका दिला. नास उठला आणि लांबलचक पहिलं कडवं एका दमात म्हणून गेला. तो हात गाण्यात ऐकू येत नाही, पण गाणं त्या हातावर उभं आहे. सहयोग म्हणतात तो हा. खोली, काच, मोजणारा हात आणि त्याच्यावर भरवसा टाकणारा एक पोरसवदा रॅपर. वावडीत यातलं काहीच नसतं, दोन नावं आणि मध्ये त्यांना जोडणारी एक फुली, बस.

आता लहान माणसाच्या खिशाकडे वळतो. अर्थात पहिलं उदाहरण लहान माणसाचं नाहीच. १९८० च्या दशकात रॅपची यमकरचनाच ज्याने बदलली, तो रकीम २००० साली ड्रेच्या आफ्टरमॅथ कंपनीत दाखल झाला. अल्बमचं नाव ठरलं, ‘ओ माय गॉड’. तेव्हाच्या चाहत्यांना याहून मोठी बातमी असू शकत नव्हती. तीन वर्षं त्या अल्बमची चर्चा झाली, अल्बम मात्र आला नाही. अल्बम कसा असावा यावर दोघांचं जमेना, आणि २००३ मध्ये रकीम बाहेर पडला. त्याचा आधीचा अल्बम १९९९ चा होता. पुढचा, ‘द सेव्हंथ सील’, आला २००९ मध्ये. तोलामोलाच्या रॅपरच्या ऐन बहरातली दहा वर्षं दोन अल्बमांच्या मधल्या पोकळीत गेली. ड्रेने या काळात एमिनेम, फिफ्टी सेंट या रॅपरांबरोबर काम केलं, त्याच्या नावाला ओरखडाही उठला नाही. रकीमला मात्र त्यानंतर ज्याने त्याने हाच प्रश्न विचारला, ‘तो अल्बम कुठे आहे?’

मतभेद होणं हा गुन्हा नव्हे. दोन कलाकारांचं जमलं नाही, विषय संपायला हवा. पण तीन वर्षं वाजवून ठेवलेल्या ढोलामुळे तो संपत नाही. न आलेला अल्बम लोकांच्या मनात येऊन बसलेला असतो, आणि मनातल्या अल्बमला कमकुवत गाणं नसतं. २००९ चा रकीम त्या अल्बमशी तोलला गेला.

रकीमच्या आफ्टरमॅथमधल्या काळातून जे थोडं बाहेर आलं, त्यात ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अडिक्टिव्ह’मधलं त्याचं कडवं आहे. २००२ चं ते गाणं डीजे क्विक या प्रोड्युसरने बांधलं होतं, आणि त्याचा कणा होता लता मंगेशकरांचा आवाज. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं ‘थोडा रेशम लगता है’. परवानगी आणि श्रेय यांवरून प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं, आणि लाहिरींचं नाव घातल्याशिवाय सीडी विकू नका, असा आदेश निघाला. मला हे गाणं अजूनही आवडतं. तरी ते ऐकताना दर वेळी मनात येतं की सगळं लक्ष रकीम आणि ड्रे या दोन नावांच्या जुळण्याकडे लागलेलं असताना, ज्या आवाजावर आणि चालीवर तो ठेका उभा होता त्यांची विचारपूस करायला कोर्ट लागलं.

‘डिटॉक्स’चं तर काय सांगावं. ड्रेचा ‘२००१’ हा अल्बम आला नोव्हेंबर १९९९ मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच ‘डिटॉक्स’चं नाव फुटलं, आणि पुढे दशकभराहून जास्त काळ जवळजवळ प्रत्येक मोठ्या रॅपरचं नाव त्याला चिकटवलं गेलं. २०१० आणि २०११ मध्ये त्याच्या निमित्ताने एकदोन गाणीही आली. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये ड्रेने आपल्या रेडिओ कार्यक्रमात सांगून टाकलं की अल्बम चांगला होत नव्हता, म्हणून तो त्याने सोडून दिला. त्याच महिन्यात ‘कॉम्प्टन’ नावाचा वेगळा अल्बम त्याने काढला. आपलं काम आपल्याला पसंत नाही म्हणून बाजूला ठेवण्याचा हक्क प्रत्येक कलाकाराला आहे, आणि ड्रेने तो बजावला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण त्याच काळात त्या कंपनीच्या दारात उभ्या असलेल्यांकडे बघा. स्टॅट क्वो, बिशप लमाँट, जोएल ऑर्टिझ हे तरुण रॅपर. तिघेही २००० च्या दशकात आफ्टरमॅथशी करारबद्ध झाले, ड्रेच्या हाताखाली पहिला अल्बम येणार अशी बातमी तिघांची झाली, आणि तिघेही तो अल्बम न काढता बाहेर पडले. ड्रेने अल्बम थांबवला तेव्हा तो आधीच ड्रे होता. यांना थांबवलं गेलं तेव्हा त्यांची ओळख ‘ड्रेचा पुढचा माणूस’ एवढीच होती. बातमी शिळी झाली तशी ओळखही शिळी झाली. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत, फक्त इथे मार खाणारा माणूस खरा होता. नव्या रॅपरच्या आयुष्यातली चारपाच वर्षं म्हणजे काय, हे समजायला फार हिशेब लागत नाही. या धंद्यात आवाजाचं वय असतं, भाषेचं वय असतं, ठेक्याची लाट दोन वर्षांत फिरते. २००५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं कडवं २०१० मध्ये जुनाट वाटू लागतं, आणि ते कधी बाहेरच आलं नसेल तर जुनं म्हणून मिरवण्याची सोयही राहत नाही.

यावर लगेच एक उत्तर येतं, आणि ते खोटं नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, पुष्कळ वावड्या पुढे खऱ्या ठरतात. रॅपर ब्लॅक थॉट आणि प्रोड्युसर डेंजर माउस यांच्या अल्बमची कुजबुज २००० च्या दशकाच्या मध्यापासून होती. तो ‘चीट कोड्स’ नावाने ऑगस्ट २०२२ मध्ये खरंच आला, आणि उत्तम आला. नास आणि प्रीमियर यांच्या पूर्ण अल्बमचं बोलणं तर २००६ पासूनचं. डिसेंबर २०२५ मध्ये ‘लाइट-इयर्स’ हाती पडला. एकोणीस वर्षं! लोकांच्या या आशेनेच दोघांना पुन्हा एकत्र आणलं, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. आशेत ताकद असते.

फक्त त्या एकोणीस वर्षांत काय झालं तेही बघू. २०२० ते २०२३ या चार वर्षांत नासने हिट-बॉय या प्रोड्युसरबरोबर एकामागून एक सहा अल्बम काढले. तीन ‘किंग्ज डिझीज’ आणि तीन ‘मॅजिक’. त्यातल्या पहिल्याला २०२१ मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तीस वर्षांच्या कारकिर्दीत नासला मिळालेलं हे पहिलंच ग्रॅमी. चाळिशी उलटलेला रॅपर आणि त्याच्याहून तरुण प्रोड्युसर रोज बसत होते, लिहीत होते, टाकून देत होते, पुन्हा लिहीत होते. रॅपमधली अलीकडची ही सर्वांत फलदायी जोडी आहे, असं मी छातीठोकपणे म्हणेन. आणि तरीही त्या प्रत्येक अल्बमच्या वेळी मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असे, प्रीमियरबरोबरचा अल्बम कधी? समोर वाढलेलं ताट सोडून न शिजलेल्या पक्वान्नाची चौकशी. हिट-बॉयने ते कसं घेतलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. कुणाही कारागिराला ते लागलंच असतं.

मग ‘लाइट-इयर्स’ आला तेव्हा तोही सुटला नाही. पन्नाशी ओलांडलेला नास आणि साठीच्या उंबऱ्यावरचा प्रीमियर यांनी २०२५ मध्ये काय केलं, हे ऐकण्याआधी तो १९९४ च्या ‘इलमॅटिक’मधल्या त्यांच्या तीन गाण्यांशी जुळतो का, याचीच तपासणी सुरू झाली. वीस वर्षांची उधारी व्याजासह वसूल करायला लोक बसले होते. मला तो अल्बम शांतपणे ऐकायला तिसरा आठवडा लागला, कारण पहिले दोन आठवडे माझ्याही कानात माझा स्वतःचा, मनात रचलेला अल्बम वाजत होता.

इथे आणखी एक बाजू आहे, ती कंटाळवाणी वाटते म्हणून तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. जी बातमी खरी असते तिचासुद्धा अल्बम अडतो कशात? बहुतेकदा कागदात. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला की दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरणं ही चोरी आहे. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी दोन दारं ठोठवावी लागतात, मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं आणि चाल व शब्दांच्या मालकाचं. दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की बीट गेली. त्याखेरीज रॅपर एका कंपनीत, प्रोड्युसर दुसरीत, पाहुणा तिसरीत. तिघांची संमती, प्रत्येकाचा हिस्सा, कुणाचं नाव आधी. स्टुडिओत एका रात्रीत झालेलं गाणं कागदावर वर्षभर पडून राहतं. दोघांचा स्टुडिओतला फोटो खरा असतो, त्यांनी गाणं केलेलं असतं, आणि तरी ते आपल्या कानावर न पडण्याची शक्यता मोठी असते. फोटोखाली ‘येतंय’ लिहिणाऱ्याला यातलं काही सांगायची गरज वाटत नाही. स्वामित्वहक्क संस्थांच्या याद्यांमध्ये एखादं शीर्षक सापडलं की अल्बम सिद्ध झाला, असं मानणारेही आहेत. तिथे न आलेल्या, टाकून दिलेल्या, कच्च्या कितीतरी गाण्यांची नोंद असते.

वावडी थांबत नाही तेव्हा ती चोरीपर्यंत जाते. प्रोड्युसर मॅडलिब आणि रॅपर एमएफ डूम यांचा ‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम मार्च २००४ मध्ये आला. त्याच्या वर्षभराहून अधिक आधी कच्ची टेप फुटली होती. आपलं अर्धं कच्चं काम लोक ऐकताहेत, त्यावर मतं देताहेत, हे पाहून दोघांचाही जीव त्यातून उडाला, आणि काही काळ त्यांनी ते बाजूलाच टाकलं. परत बसले तेव्हा डूमने आवाज बदलला. टेपमध्ये तो चढ्या, उत्साही सुरात आहे. अल्बममध्ये खालच्या पट्टीत, सावकाश, जणू ओठांतल्या ओठांत. आज आपण ज्याला डूमचा आवाज म्हणून ओळखतो तो बऱ्याच अंशी हा. काही जण यावरून म्हणतात, बघा, टेप फुटली ते बरंच झालं. मला हा युक्तिवाद फार लागतो. घर जळाल्यावर कुणी चांगलं घर बांधलं, तर त्याचं श्रेय आग लावणाऱ्याला द्यायचं का?

२०१९ चा प्रसंग याहून उघडा आहे. यंग नूडी आणि प्लेबॉय कार्टी या रॅपरांचं, पिएर बोर्न या प्रोड्युसरने बनवलेलं एक अप्रकाशित गाणं फुटलं. त्याचा आधार एका जपानी गायिकेचं १९८० सालचं गाणं. ते अधिकृतपणे कधी आलं नाही. तरी कुणीतरी भलत्याच कलाकाराच्या नावाने ते स्पॉटिफायवर चढवलं, आणि काढून टाकलं जाईपर्यंत ते अमेरिकेतल्या व्हायरल यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. दोन रॅपर, एक प्रोड्युसर, एक गायिका. गाणं त्यांचं, आणि त्यांच्यापैकी कुणाचंही नाव त्यावर नव्हतं. अशी गाणी चाहते वर्गणी काढून चोरांकडून विकत घेतात, तेव्हा आपण कलाकाराला पाठिंबा देतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. त्या समजुतीत मीही काही काळ राहिलो आहे, म्हणून त्यांना मी शिव्या देणार नाही. मात्र त्या वर्गणीतला एक पैसाही गाणं करणाऱ्याकडे जात नाही, ही साधी गोष्ट आहे आणि ती वारंवार सांगावी लागते.

माझ्या हेडफोनमधल्या त्या खोट्या गाण्यात निदान श्वास तुटला होता. आता तोही तुटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये रॅपर ड्रेक आणि गायक द वीकेंड यांच्या, यंत्राने बनवलेल्या नकली आवाजांतलं ‘हार्ट ऑन माय स्लीव्ह’ आलं, त्यांच्या कंपनीने हरकत घेऊन ते उतरवायला लावेपर्यंत लाखो लोकांनी ऐकलं. बरोबर वर्षाने खुद्द ड्रेकने आपल्या एका गाण्यात टुपाकचा यंत्राने बनवलेला आवाज वापरला. टुपाक हा रॅपर १९९६ मध्येच गेला. त्याच्या वारसांच्या वकिलांनी पत्र पाठवल्यावर गाणं मागे घ्यावं लागलं. पूर्वी वावडीला पुरावा लागत असे आणि तो नसे. आता वावडी स्वतःचा पुरावा घेऊनच जन्माला येते. ‘अमुक आणि तमुक एकत्र आले तर’ या इच्छेला कुणाच्या होकाराची गरज उरलेली नाही, आणि होकाराशिवायची इच्छापूर्ती किती हीन असते, हे मेलेल्या माणसाच्या आवाजाइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

कलाकारांना यातून मी पूर्ण मोकळं सोडत नाही. पुष्कळ वावड्यांची काडी तेच लावतात. मोठ्या प्रोड्युसरच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो, पंधरा सेकंदांची झलक, मुलाखतीत सहज टाकलेलं ‘आमचं बोलणं चालू आहे’. नव्या रॅपरला याचा मोह का होतो, हे मला कळतं. मोठ्या नावाच्या सावलीत दोन दिवस लोक आपल्याकडे बघतात. पण त्याला कुणीतरी जवळच्याने सांगायला हवं की ही सावली आपल्यावर पडलेली असते, आपली नसते. २०१८ मध्ये एका अनोळखी मुलाने नेदरलँड्समधल्या तितक्याच अनोळखी तरुण प्रोड्युसरची बीट इंटरनेटवरून ३० डॉलरला घेतली. तो मुलगा म्हणजे लिल नास एक्स, आणि त्या बीटवर झालेलं त्याचं ‘ओल्ड टाउन रोड’ २०१९ मध्ये गाण्यांच्या अमेरिकेतल्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. असं भाग्य प्रत्येकाचं नसतं हे उघडच आहे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे, की त्या जोडीची आगाऊ बातमी कुणी दिलेली नव्हती.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. संगीतावर लिहिणाऱ्यांनी ‘येतोय’ हा शब्द जपून वापरावा. बीट पाठवली गेली आहे, की ध्वनिमुद्रण झालंय, की परवानग्या मिळून तारीख ठरली आहे, या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचकाला त्यातली कुठली ते सांगता येत नसेल तर ती बातमी छापू नये. दोघांपैकी एकानेच सांगितलं असेल तर दुसऱ्याला विचारल्याशिवाय छापू नये. हे नियम साधे आहेत, बाकी प्रत्येक क्षेत्रातल्या पत्रकाराला ते लागू असतात, संगीतालाच सूट का?

त्याहून मोठी मागणी कंपन्यांकडे आहे. करार केलेल्या कलाकाराचा अल्बम ठरावीक मुदतीत काढला नाही, तर त्याचं ध्वनिमुद्रण त्याला परत मिळालं पाहिजे, आणि तो दुसरीकडे ते प्रसिद्ध करायला मोकळा झाला पाहिजे. प्रसिद्धीची हमी मागण्याची ताकद वजनदार कलाकारात असते, आणि तो ती मिळवतोही. पहिला करार करणारा पोरगा वकिलाची फीसुद्धा आगाऊ रकमेतून भरत असतो, तो काय मागणार? म्हणून ही अट मागून मिळण्याची वाट न बघता सर्रास असली पाहिजे. मोठ्या प्रोड्युसरच्या नावावर कंपनीने त्याची बातमी केली असेल, तर ती बातमी वाया गेल्याची किंमतही कंपनीने थोडी तरी उचलायला हवी.

आणि ऐकणाऱ्यांनी? मी माझ्यापुरतं सांगतो. फुटलेली फाईल मी आता उघडत नाही, पुढे पाठवत नाही. हे दरवेळी सोपं जात नाही, आणि एका नावापाशी तर फारच जड जातं.

‘मॅडव्हिलनी’च्या दुसऱ्या भागाची वाट मी वर्षानुवर्षं पाहिली. त्याच डूमचा घोस्टफेस किला या रॅपरबरोबरचा अल्बमही असाच कायम ‘येणार’ राहिला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी डूम गेला, आणि घरच्यांनी ते जगाला वर्षाच्या शेवटच्या दिवशी कळवलं. त्यांना ते दोन महिने स्वतःजवळ ठेवावेसे वाटले आणि त्यांनी ते ठेवले. पुढे ‘चीट कोड्स’मधल्या ‘बिलीझ’ या गाण्यात त्याचं एक कडवं आलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते तिथेच थांबवून मागे नेलं, दोनदा, तीनदा. श्वास कुठेही कापलेला नव्हता.

तेव्हापासून लोकांची मागणी चालू आहे की मॅडलिबकडे, कंपनीकडे, घरच्यांकडे जे काही असेल ते बाहेर काढा, अपुरं असलं तरी चालेल. मला ते ऐकायचं आहे, फार ऐकायचं आहे. पण डूम पहिल्या अल्बमची फुटलेली टेप ऐकून परत स्टुडिओत गेला होता आणि आपल्या ओळी नव्या आवाजात पुन्हा म्हणाला होता. जे उरलंय त्यातलं काय त्याने तसंच राहू दिलं असतं आणि काय पुन्हा म्हटलं असतं, हे जर कुणाला ठाऊक असेल तर ते त्याच्याबरोबर बसलेल्या माणसाला. त्याला जे योग्य वाटेल ते तो करील. मी ती मागणी करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलेलं नाही.